पंधरा सेकंदांची गोष्ट

२ सप्टेंबर

आज बेकरीवाला आला. फेब्रुवारीत आमच्याकडे दाढेत भरलेलं सिमेंट त्याने कागदाच्या पुडीत बांधून आणलं होतं. पुडी टेबलावर ठेवून म्हणाला, "हे तुमचं." पाव खाताना निघालं म्हणे. स्वतःच खात होता, गिऱ्हाइकाला सापडलं नाही हे नशीब.

हे एकोणिसावं. म्हणून आजपासून लिहायला घेतलं. वही औषध कंपनीवाल्याने दिलेली आहे, दर पानाच्या कोपऱ्यात एक हसरा दात छापलाय. सध्या दवाखान्यात तेवढाच हसतोय.

हकिकत अशी. ही गेली त्याला पावणेदोन वर्षं झाली. ही म्हणजे बायको. वहीतसुद्धा नाव घ्यायची सवय नाही. सव्वीस वर्षं खुर्चीच्या पलीकडे उभं राहून तिने सक्शनची नळी धरली. ती गेल्यावर बाहेर नंबर लावणाऱ्या मावशींना मी आत घेतलं. मग गेल्या नोव्हेंबरात पोरगी नोकरी सोडून घरी आली. तीही दातांचीच डॉक्टर. सकाळी मी बसतो, दुपारनंतर ती. आणि ती आल्यापासून सिमेंटं निघायला लागली. पूर्वी वर्षाकाठी एखादं निघायचं, तेही कोणी सुपारीएवढा खडा चावला तर.

निघालेलं कोणाच्या हातचं, हे कार्डावर कळत नाही. तसा रकानाच नाही. सव्वीस वर्षं एकच डॉक्टर, रकाना कशाला हवा?

३१ ऑक्टोबरपर्यंत छडा लावायचा ठरवलं आहे. दोष पोरीचा निघाला तर तिला लंबूकडे पाठवायचं. लंबू माझा कॉलेजातला मित्र, दुसऱ्या शहरात त्याचा आठ खुर्च्यांचा दवाखाना आहे. तिथे तिच्यावर लक्ष ठेवायला माणसं आहेत. पोटची पोर झाली म्हणून लोकांच्या दाढा पणाला लावता येत नाहीत. ती गेली की घरात मी एकटा. पण तो मुद्दा इथे नाही.

५ सप्टेंबर

दुपारी घरी न जाता दारात उभं राहून पोरीचं काम पाहिलं. हात चांगला आहे, खोटं कशाला बोलू. कीड काढली, दाताला निळं आम्ल लावलं, आणि शेजारच्या घड्याळाचं बटण दाबलं. पंधरा सेकंदांनी ते टूं टूं वाजलं, मग पोरीने पाणी मारलं. अंडी उकडायला ठेवल्यासारखं.

आमच्या धंद्यात सगळं काम या आम्लाचं आहे. दात मुळात गुळगुळीत, त्याला काही चिकटत नाही. आम्लाने त्याला बारीक बारीक छिद्रं पडतात. मग धुवायचं, हलकं वाळवायचं, पातळ बाँड चोपडायचा. तो छिद्रांत शिरतो, वरून निळा लाइट दाखवला की दगड. त्याच्यावर सिमेंट. पंधरा सेकंद म्हणजे पंधरा. कमी नाही, जास्त नाही.

मला घड्याळ लागत नाही. माझ्याकडे गोष्ट आहे. आम्ल लावलं की मी सुरू करतो: दोन भाऊ, दोघांत मिळून एकच कोट. सम तारखेला मोठ्याने घालायचा, विषम तारखेला धाकट्याने. एकदा मोठ्याच्या लक्षात येतं, की एकतीस तारीख धाकट्याची आणि लगेच एक तारीखही धाकट्याचीच. वर्षातून सात वेळा लबाडी! मोठा चिडतो आणि तक्रार घेऊन बापाकडे जातो. बाप चष्मा काढतो, पुसतो, विचार करतो, पुन्हा घालतो. मोठ्याला म्हणतो, एकतीस दिवसांचे महिने मोज. मोठा बोटांवर मोजतो. मग बाप म्हणतो, "अच्छा, म्हणजे तो कोट तुमच्याकडे आहे होय? वीस वर्षं शोधतोय मी."

सुरुवातीच्या काळात हिने घड्याळ लावून ही गोष्ट माझ्याकडून बसवून घेतली होती. पेशंट घाबरत नाही आणि वेळ बरोबर साधते. एकच दुःख. सव्वीस वर्षांत तिने ती मला एकदाही पुरी करू दिली नाही. मोठा बापाकडे निघाला, की पलीकडून आवाज, "पुरे." की लगेच पाणी, मग बाँड, मग लाइट, आणि गोष्ट तिथेच. लोक उठताना विचारायचे, डॉक्टर, मग बाप काय म्हणाला? मी म्हणायचो, पुढच्या खेपेला.

आता मावशी आहेत. त्या अदबीच्या, मधे तोंड घालत नाहीत. गोष्ट शेवटापर्यंत जाते. लोकांनाही आवडते. या बाबतीत तरी सुधारणा आहे, म्हणायला हरकत नाही.

६ सप्टेंबर

जेवताना पोरीला सरळच विचारलं, की एवढी सिमेंटं का निघतात. भाजीची वाटी माझ्याकडे सरकवत ती म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल, बाबा."

चूक लगेच कबूल करते. हा गुण आईकडून आलेला नाही.

११ सप्टेंबर

सुतार आला. विसावा. त्याची दाढ मीच भरली होती हे मला पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी पोरगी गावाला होती. म्हणजे माझंही एक निघालं. मी त्याला म्हटलं, बाँडची बाटली खराब आली असणार. सुतार खुर्चीत आडवा पडून छताकडे बघत म्हणाला, सरस कधी खराब नसतो डॉक्टर, लाकूड कसं घासलं ते बघायचं. घासलं नाही तर धरत नाही. आणि जास्त घासलं तर सरस भुशाला धरतो, लाकडाला नाही. मग भुसा सुटतो आणि नाव सरसाचं खराब होतं.

उंटावरचा शहाणा. दातात भुसा नसतो. बाँडची नवी बाटली मागवली आहे.

मी पुन्हा भरून देणार होतो, पण पोरगी लवकर आली आणि म्हणाली, याचं मी करते. करू दिलं. शिकेल.

१५ सप्टेंबर, रविवार

प्रयोग केला. उपटलेले दात बाटलीत साठवलेले असतात, त्यातले बारा काढले. दवाखाना बंद, घरात सामसूम. पोरगी मैत्रिणीकडे. टेबलावर दात ओळीने मांडले, प्रत्येकात खड्डा केला, आम्ल, पाणी, जुन्याच बाटलीतला बाँड, लाइट, सिमेंट, सगळं रोजच्यासारखं. गोष्ट तेवढी सांगितली नाही. उपटलेल्या दाताला कोण गोष्ट सांगतो? मनात पंधरा मोजले. संध्याकाळी पक्कड लावून ओढून पाहिलं. बाराच्या बारा घट्ट. एका दाताचा तुकडा पडला पण सिमेंट हललं नाही.

म्हणजे बाटली जुनीच चांगली होती आणि माझी पद्धत बिनचूक आहे. आता एकच शक्यता उरते. बारा दात जिंकून इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं.

१६ सप्टेंबर

लंबूला पत्र टाकलं. पोरगी हुशार आहे, हात हलका आहे, फक्त कोणाच्या तरी हाताखाली राहायला हवी, असं लिहिलं. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिलं. फोन केला असता तर आवाजावरून त्याला कळलं असतं.

२७ सप्टेंबर

आज पोरीचं वागणं चमत्कारिक. आधी म्हणाली, बाबा, डोळे तपासून घ्या. मग खुर्चीवरचा दिवा बदलून मोठा लावला. मग चहा देताना माझ्या हाताकडे टक लावून बघत बसली, कप थरथरतोय का पाहायला. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून मी कप पटकन खाली ठेवला, तो नेमका बशीच्या काठावर. चहा सांडला. तिने पुसला.

डोळेवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणाला, तुमच्या वयाला इतके चांगले डोळे क्वचित पाहतो. चिठ्ठी आणून तिच्यापुढे ठेवली. खूश होईल वाटलं होतं. ती चिठ्ठी वाचून पुन्हा माझ्या हातांकडेच बघायला लागली.

४ ऑक्टोबर

निवृत्त मुख्याध्यापिका बाजारात भेटल्या. त्यांचंही निघालं होतं, मला पत्ताच नाही. म्हणाल्या, तुमच्या मुलीने पुन्हा छान भरून दिलं. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "माझ्या आठवणीप्रमाणे आधीचं तुम्ही भरलं होतं. पण ती म्हणाली, नाही बाई, ते मीच भरलं होतं. वय झालं हो माझं."

वाईट वाटलं. एके काळी बाईंना शाळेतल्या साडेपाचशे मुलांची नावं पाठ होती.

१० ऑक्टोबर

लंबूचं उत्तर आलं. एक तारखेपासून पाठव, राहायची सोय करतो. खाली लिहिलंय, "तुझं कसं होणार?" उगाच चोंबडेपणा.

पत्र पकडींच्या खणात ठेवलंय. पोरीला अजून सांगितलं नाही. आज जेवायला तिने तिच्या आईसारखी आमटी करायचा प्रयत्न केला आणि ती बरीचशी तशी झाली. मी म्हटलं, मीठ जास्त आहे. मीठ बरोबर होतं.

१४ ऑक्टोबर

हे नीट लिहायला हवं.

मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन, म्हणून त्या पंधरा दिवस रजेवर. त्यामुळे सकाळी पोरगी माझ्यासमोर नळी धरून उभी राहिली. आल्यापासून पहिल्यांदाच. तिच्या आईच्याच जागी.

पहिला पेशंट टॅक्सीवाला. कीड काढली, आम्ल लावलं, गोष्ट सुरू केली. पोरगी हसली नाही. माझ्याकडेही बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मला वाटलं, कुठे जायचं असेल. बापाच्या कोटापर्यंत येऊन मी पाणी मारलं, तशी ती पुटपुटली, "अठ्ठेचाळीस." मला वाटलं नंबर पुकारतेय. बाहेर तर तीनच माणसं होती.

बाँडला हात घातला तर तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, थांबा, याचा वरचा थर मी पुन्हा बारीक घासून घेते, पुढचं मी करते. पेशंटसमोर वाद नको म्हणून बाजूला झालो. तिने सगळं पहिल्यापासून केलं, टूं टूं सकट. टॅक्सीवाला गेल्यावर ती मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. आम्लाची बाटली उघडी राहिली असेल, झोंबतं ते.

दुसऱ्या पेशंट लायब्ररीतल्या बाई. पुढचा दात. आम्ल लावलं. दोन भाऊ, एक कोट, सम, विषम, एकतीस आणि एक. मोठा चिडतो आणि तक्रार घेऊन बापाकडे जातो.

"पुरे."

माझा हात आपोआप पाण्याच्या बटणावर गेला. दात धुतला सुद्धा. धुऊन झाल्यावर मला कळलं की मी काय ऐकलं. तोच आवाज नव्हता, पण तीच जागा होती. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. पोरीने नळी तशीच धरली होती आणि तीही घड्याळाकडेच बघत होती.

बाई तोंड उघडं ठेवून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. मग बाँड लावला, लाइट दाखवला, दात भरला. उठताना त्यांनी विचारलं, डॉक्टर, मग बाप काय म्हणाला? पावणेदोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

१५ ऑक्टोबर

सकाळी आधी एकट्याने घड्याळ लावून गोष्ट म्हणून पाहिली. "बापाकडे जातो" इथपर्यंत पंधरा. शेवटापर्यंत अठ्ठेचाळीस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हिने बसवून घेतली ती अर्धी गोष्ट होती. उरलेली अर्धी मी हौसेने लांबवत राहिलो, आणि पेशंट हसत असताना त्यांच्या दातात आम्ल खोल खोल उतरत राहिलं. बाँड तळाला पोचलाच नाही. वरवर धरला आणि सात ते दहा महिन्यांनी सुटला. सुतार बरोबर बोलत होता. भुशाला धरलं होतं.

मावशींना फोन केला. डोळ्याला पट्टी, तरी घेतला. मी विचारलं, तुम्ही बाहेर बसून इतकी वर्षं हिचं "पुरे" ऐकत होतात, मग आत आल्यावर म्हणाला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तो वहिनींचा शब्द होता, डॉक्टर. मी कसा घेणार?"

मला वाटायचं, ही मला बोलू देत नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला चार माणसांत मी तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि सगळे हसले होते. तीही हसली होती.

१९ ऑक्टोबर

पोरीने सगळी कार्डं काढून मावशींच्या सकाळ-दुपारच्या नंबरांच्या वहीशी तारखा लावल्या. पहिलं निघालेलं सिमेंट मी तिची आई गेल्यावर दीड महिन्याने भरलेलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंचं धरून एकविसांपैकी एकवीस माझी. तिचं एकही नाही.

मी लंबूचं पत्र पकडींच्या खणातून काढून तिच्या हातात दिलं. तिने वाचलं नाही. म्हणाली, लंबूकाकांचा मला फोन आला होता, तुमचं पत्र पोचलं त्याच दिवशी.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधी बोलाल म्हणून थांबले होते."

"आणि ती एकवीस सिमेंटं? स्वतःची म्हणून सगळ्यांना सांगत सुटलीस?"

ती पत्राची घडी उलगडत आणि घालत राहिली. "मला वाटलं, तुमचे हात गेले. आई गेली, त्यात आता हातही गेले, हे तुम्हाला कोणी सांगायचं होतं?"

मी रडलो. लिहून ठेवतो, कारण पुढे मागे मी हे कबूल करणार नाही. मग तिला म्हटलं, परवाच्या आमटीत मीठ बरोबर होतं. ती म्हणाली, माहितेय.

लंबूला तिनेच कळवलं, की येत नाही.

२२ ऑक्टोबर

त्या काळात मी भरलेले सगळे दात तपासायला बोलवायचे. तीनशे बारा आहेत. आज फोन करायला बसलो. मी प्रत्येकाला सांगतो, की चूक माझी होती, मी गोष्ट लांबवली. अर्ध्यांना वाटतं डॉक्टर भ्रमिष्ट झाला. बेकरीवाला म्हणाला, कसला दात, आधी सांगा तो कोट शेवटी कोणाला मिळाला. मी म्हटलं, या, बघू.

मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी मात्र स्वतः गेलो आणि त्यांना सांगितलं, की तुमची आठवण शाबूत आहे. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि त्यांच्या वर्गातल्या त्रेचाळीस मुलांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून दाखवली. मी शेवटपर्यंत ऐकली.

३१ ऑक्टोबर

मुदत संपली. छडा लागला.

मावशी काळा चष्मा लावून कामावर आल्या. पोरीने नवीन कार्डं छापून घेतली आहेत, त्यांत "कोणी" असा रकाना आहे. पहिलंच कार्ड सुताराचं, त्याच्या दुसऱ्या दाढेतलं सिमेंट निघालं. मी भरायला बसलो, पोरगी समोर नळी धरून. ती दुपारची आहे, पण आता सकाळीही तासभर येते. मी म्हटलं होतं, तुझं टूं टूं लाव हवं तर. ती म्हणाली, नको, गोष्टच सांगा.

मोठा चिडला आणि बापाकडे निघाला. "पुरे," ती म्हणाली. पाणी.

सुताराला शेवट माहीत होता, पहिली दाढ मी भरली तेव्हा त्याने ऐकला होता. चूळ भरून त्याने विचारलं, आज कोट बापाचा का निघाला नाही? मी म्हटलं, आज बाप घरी नव्हता.

तो गेल्यावर मावशींनी कार्ड लिहून सहीसाठी माझ्यापुढे ठेवलं. "कोणी" या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: भरलं, डॉक्टर. पुरे, ताई. मी म्हटलं, अहो, असं लिहीत नाहीत. त्या म्हणाल्या, मग कसं लिहायचं? मी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. सही केली.

दुपारी पोरगी खुर्चीवर बसली तेव्हा मी मागच्या खोलीत जुन्या कार्डांचं कपाट उघडलं. सव्वीस वर्षांची कार्डं आहेत, त्यांत रकाना नाही, पण समासात जागा आहे. पेन घेऊन बसलो आणि पहिल्या कार्डापासून सुरुवात केली. भरलं, मी. पुरे, हिने. चार-पाच कार्डांनंतर वाटलं, पुढे कोणी वाचलं तर "ही" कोण ते कळायचं नाही. मग तिचं नाव लिहायला लागलो. पहिल्यांदा हात अडखळला, नंतर सवय झाली.

आज पहिल्या खणातली चाळीस झाली. खण एकूण बावीस आहेत.